सात अंश, एकवीस इंच

मुंबईच्या हवामानाच्या नोंदींत २२ जानेवारी १९६२ ही तारीख ठळक आहे. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, आणि त्याहून खाली तो तिथे आजवर गेलेला नाही. युरोपात नि कॅनडात हिवाळी टायर कधी चढवायचे याचा एक ठोकताळा आहे: तापमान सात अंशांच्या खाली राहू लागले की चढवा. मुंबईच्या सगळ्यात गारठलेल्या पहाटेनेही ही हद्द थोडक्यात चुकवली. तेव्हा घाटकोपरच्या गारोडिया नगरात किंवा टिळक रोडला उभ्या असलेल्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, व्होल्वोच्या मालकाने हिवाळी टायर घ्यावेत का, याचे उत्तर एका शब्दात देता येते: नाही. मात्र त्या प्रश्नामागचा मूळ प्रश्न इथेही तेवढाच खरा आहे. वर्षातले काही महिने रस्ता एकदम वेगळा होतो, गाडी दोन-सव्वादोन टनांची असते, आणि तिचा रस्त्याशी संबंध तळहाताएवढ्या चार ठिपक्यांपुरता असतो. तिकडे त्या महिन्यांत बर्फ असतो, इकडे पाणी आणि खड्डे. तिकडच्या गाडीवाल्याने या प्रश्नाचा कसून विचार केलेला आहे. आपल्याकडे तो शोरूममधल्या चकचकीत अ‍ॅलॉय व्हीलपाशी थांबतो. माझे म्हणणे असे की मुंबईतल्या मोठ्या एसयूव्हीच्या टायरचा निम्मा निकाल टायरच्या दुकानात जाण्याआधीच, चाकाचा व्यास ठरवताना लागलेला असतो. आणि उरलेल्या निम्म्यात कंपनीच्या नावापेक्षा नक्षीची उरलेली खोली अधिक मोलाची असते.

आधी हिवाळी टायर म्हणजे नेमके काय ते पाहू, कारण त्याविषयीच्या गैरसमजातून इथे चुकीची खरेदी होते. फिनलंडच्या नोकियन कंपनीने १९३४ साली बर्फासाठी खास टायर बनवला, तिथून या प्रकाराची सुरुवात मानतात. नेहमीचे रबर गारठ्यात कडक होते, रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत बसत नाही. हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही लवचीक राहील असे केलेले असते, आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरल्यासारख्या बारीक फटी असतात, त्या बर्फाला धरतात. खऱ्या हिवाळी टायरच्या बगलेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असते. ते बर्फावरच्या ठरलेल्या चाचणीत उतरल्याशिवाय मिळत नाही. जर्मनीने २०१० साली हिवाळी परिस्थितीत असे टायर सक्तीचे केले, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फक्त हे डोंगराचे चिन्ह चालते. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात २००८ पासून हिवाळी टायरची सक्ती आहे. सध्या तिची मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च अशी आहे. म्युनिकला किंवा माँट्रियलला राहणाऱ्या मराठी घरात गाडीला चाकांचे दोन संच असतात ते म्हणूनच. तिथे तो चैनीचा भाग नाही.

आता गैरसमजाकडे. अनेक एसयूव्ही टायरांवर ‘एम प्लस एस’ अशी अक्षरे असतात, म्हणजे चिखल आणि बर्फ. हे वाचून ‘चिखलाला चालतो तर पावसाला उत्तमच’ असा सरळ हिशेब आपल्याकडे मांडला जातो. ही अक्षरे म्हणजे नक्षीच्या ठेवणीविषयी उत्पादकाने स्वतःच केलेले विधान. त्यामागे डोंगराच्या चिन्हासारखी चाचणी नसते, आणि ओल्या डांबरावर गाडी किती अंतरात थांबेल याविषयी ती काहीच सांगत नाहीत. खरा हिवाळी टायर तर मुंबईत तोट्याचाच. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या रस्त्यावर त्याचे मऊ रबर भराभर झिजते, नक्षीचे ठोकळे ब्रेक लावल्यावर लचकतात आणि थांबायचे अंतर वाढते. परदेशातून आलेला जुना ‘जवळजवळ नवा’ टायर स्वस्तात मिळतोय असे कुणी सांगितले, तर बगलेवर ते डोंगराचे चिन्ह आहे का, हे आधी पाहावे. असेल तर तो टायर आपल्या हवेचा नाही. आता मौज पाहा: घाटकोपरपासून तीन स्टेशनांवर भांडुपला जिचा जुना कारखाना आहे ती सिएट कंपनी युरोपात विंटरड्राइव्ह नावाचे हिवाळी टायर विकते, पण तिच्या दारावरून रोज जाणाऱ्या गाड्यांना त्याची गरज पडत नाही.

इथला ऋतू पावसाचा. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरात सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला एकट्या जुलैचा आठशेच्या पुढे. हवामान खात्याच्या २०२० मधल्या सुधारित वेळापत्रकानुसार मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला माघारी फिरतो. २०२५ मध्ये तो २६ मेलाच हजर झाला. पण टायरच्या दृष्टीने मिलिमीटरपेक्षा महत्त्वाचे आहे ते पाण्याखाली काय आहे ते. घाटकोपरहून निघालेली गाडी अर्ध्या तासात किती तऱ्हेच्या पृष्ठभागांवरून जाते ते मोजून पाहावे. सोसायटीच्या गल्लीत महापालिकेने नुकताच ओतलेला काँक्रीट रस्ता, त्याच्या कडेला अजून न बुजवलेला चर. लाल बहादूर शास्त्री मार्गावर डांबर, त्यात जुने पेव्हर ब्लॉक, मेट्रो ४ च्या कामाने अडलेल्या मार्गिका आणि खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा. पूर्व द्रुतगती मार्गावर वेग वाढतो, आणि उड्डाणपुलांच्या सांध्यांवर चाकाला धक्का बसतो. छेडानगरहून घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याने ईस्टर्न फ्रीवेकडे वळले की शहरात क्वचित मिळणारा मोकळा रस्ता मिळतो, म्हणजे मुसळधार पावसातही पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबला जातो. पहिल्या सरीला तर आठ महिन्यांचे सांडलेले तेल, डिझेलची काजळी आणि धूळ यांचा पातळ थर पाण्यावर तरंगून येतो. दुचाकीवाले त्याला घाबरतात, एसयूव्हीवाले उंचावर बसलेले असल्याने घाबरत नाहीत. घसरण मात्र दोघांना सारखीच.

या पाण्याचा हिशेब सोपा आहे आणि तो एकदा केला की रुंद टायरविषयीचे बरेच कौतुक ओसरते. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी आहे आणि गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली आहे असे धरा. २३५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला दर सेकंदाला सुमारे १६ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. ३१५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला २१ लिटर. हे काम नक्षीच्या खाचा करतात. खाचा उथळ झाल्या, किंवा पाणी त्यांच्या आवाक्याबाहेर गेले, की टायरच्या पुढे पाण्याची पाचर तयार होते आणि चाक रस्त्यावरून उचलले जाते. मग स्टीअरिंग हलके लागते, ब्रेक निकामी होतो आणि गाडी ज्या दिशेला होती तिकडेच जात राहते. अमेरिकेच्या नासा संस्थेतल्या हॉर्न आणि ड्रेअर या संशोधकांनी १९६३ मध्ये, मुळात विमानांच्या चाकांसाठी, याचा एक साधा नियम मांडला: खोल पाण्यात चाक तरंगण्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या सूत्रात ३६ पीएसआय घातले तर उत्तर ताशी १०० किलोमीटर येते, २६ घातले तर ८५. गाडीचा रुंद, बुटका टायर विमानाच्या टायरसारखा वागत नाही, त्याचा ठसा आडवा पसरतो, म्हणून तो याहून आधीच तरंगू शकतो. तेव्हा सूत्रातला आकडा हमी म्हणून धरू नये. पण त्यातून एक गोष्ट निघते ती पक्की आहे: ‘थोडी हवा कमी ठेवा, पावसात पकड चांगली येते’ हा पेट्रोल पंपावरचा सल्ला उलटा आहे.

खोलीच्या बाबतीत आपला कायदा उदार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९४ वा नियम मोटारीच्या टायरला १.६ मिलिमीटरपर्यंत झिजू देतो. नव्या टायरची नक्षी साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते. ब्रिटनमध्ये मायरा या वाहन-संशोधन संस्थेने केलेल्या चाचण्यांत नव्या टायरच्या तुलनेत १.६ मिलिमीटरवर आलेल्या टायरचे ओल्या रस्त्यावर थांबायचे अंतर डांबरावर सुमारे ३७ टक्क्यांनी आणि गुळगुळीत काँक्रीटवर सुमारे ४५ टक्क्यांनी वाढले होते. शहरातले रस्ते एकामागून एक काँक्रीटचे होत असताना या दुसऱ्या आकड्याकडे मुंबईकराने जास्त लक्ष द्यायला हवे. आपल्या नव्या काँक्रीटवर आडव्या रेघा ओढलेल्या असतात, ते अगदीच गुळगुळीत नसते, हे खरे. पण त्या रेघाही वर्दळीने झिजतात आणि रस्ता तर टायरप्रमाणे दर चार वर्षांनी बदलला जात नाही. म्हणून ‘अजून गोटा झालेला नाही, हा पावसाळा निघेल’ हे टायरवाल्याचे किंवा ड्रायव्हरचे म्हणणे कायद्याला धरून असले तरी ऐकण्याजोगे नाही. पावसाळ्यापुरती मर्यादा तीन मिलिमीटर धरावी. मोजायला डेप्थ गेज लागतो, तो दोन-तीनशे रुपयांना मिळतो, आणि तो टायरच्या केवळ मधल्या खाचेत नव्हे तर मधे, आत आणि बाहेर अशा तिन्ही जागी लावावा. अलाइनमेंट बिघडलेल्या जड गाडीची आतली कड कुणाला न दिसता संपलेली असते.

आता चाकाकडे. टायरच्या बगलेवरचे लेखन एकदा नीट वाचून घेतले की दुकानातली अर्धी चर्चा आपल्याला कळते. ‘२६५/५० आर १९ ११०’ असे असेल तर टायर २६५ मिलिमीटर रुंद, बगलेची उंची त्याच्या ५० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर, आतली रिम १९ इंची, आणि शेवटच्या ११० चा अर्थ एक टायर १,०६० किलो पेलतो. बीएमडब्ल्यूच्या सध्याच्या एक्स-५ ला जे आकार दिले जातात त्यांतला हा एक. त्याच गाडीला २१ इंची चाके घेतली तर पुढे २७५/४० आणि मागे ३१५/३५ येतात, म्हणजे दोन्हीकडे बगल ११० मिलिमीटरच्या आसपास. २२ इंचावर गेलात तर ती ९५ वर उतरते. व्होल्वोच्या एक्ससी-९० ला १९ इंचावर २३५/५५ म्हणजे १२९ मिलिमीटर बगल मिळते, २१ इंचावर २७५/४० म्हणजे ११०. बाहेरचा घेर जवळजवळ तोच राहतो; रिम मोठी झाली की तेवढे रबर आणि हवा कमी होते. एसयूव्ही म्हणून भरपूर उंची असलेली गाडी घ्यायची आणि तिला स्पोर्ट्स कारची बुटकी बगल लावायची, हा प्रकार पावसात कोल्हापुरी घालून निघण्यासारखा आहे: दिसायला झोकदार, पण निघाल्यावर नजर सतत खाली.

खड्ड्यात नेमके काय होते ते पाहिले म्हणजे या वीस-बावीस मिलिमीटरांचे मोल कळते. चाक खड्ड्यात उतरते आणि पुढच्या कडेवर आदळते. त्या क्षणी बगल खड्ड्याची कड आणि रिमची ओठाळी यांच्यामध्ये अडकित्त्यात सापडल्यासारखी चेपते. बगलेतले धागे तुटतात, बाहेरचे रबर शाबूत राहते, आणि चार दिवसांनी तिथे फुगा दिसतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही. पॅच, व्हल्कनायझिंग, काहीही सांगितले तरी तो टायर बाद समजावा, कारण तिथे आता फक्त रबराची कातडी हवेला धरून आहे. बगल उंच असेल तर धक्क्याची ऊर्जा तीत जिरायला जागा मिळते आणि रिम कडेपर्यंत पोचत नाही. बुटक्या बगलेत ती पोचते. मग ओतीव अ‍ॅलॉय वाकते किंवा तिला चीर जाते. किंचित वाकलेली रिम लेथवाला सरळ करून देतो, ते एक वेळ ठीक. चीर वेल्डिंगने भरून देणारेही कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत भेटतात. सव्वादोन टनांच्या गाडीखाली अशी रिम लावू नये. पावसात हा सगळा प्रकार वाढतो, कारण पाण्याने भरलेला खड्डा आणि नुसते डबके यांत वरून फरक दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो गाडीच्या चोखंदळ मालकाचा. कंपनीने गाडी २१ इंचावर बेतली आहे, वळणावरची पकड, स्टीअरिंगचा नेमकेपणा त्यावर अवलंबून आहे, छोटे चाक लावले तर गाडी डुलेल. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर यात तथ्य आहे. बुटकी बगल कमी लचकते. पण हा गुण जिथे जाणवतो तो वेग आणि तसे वळण घाटकोपर ते बीकेसी या रोजच्या वाटेवर किती वेळा येते? आणि कंपनीचेच म्हणायचे तर तिने एकाच गाडीला तीन-चार आकार मंजूर केलेले असतात, लहानातल्या लहान आकारावरही तिची तितकीच चाचणी झालेली असते. जर्मनीत हिवाळी संच घेताना लोक सर्रास एक-दोन इंच लहान रिम आणि अरुंद टायर घेतात, त्यामागे हाच विचार असतो: अरुंद टायर बर्फात खोल रुततो, उंच बगल स्वस्त पडते आणि धक्का सोसते. खड्डे नि पाणी यांच्या बाबतीतही गणित बहुतांशी तेच आहे. तिकडची हिवाळी टायरची मात्रा आपल्याला लागू नाही, पण हिवाळी रिमची मात्रा लागू आहे, आणि नेमकी तीच आपण घेतलेली नाही.

छोटे करायचे म्हणजे वाटेल तेवढे मात्र नव्हे. मोठ्या ब्रेक-कॅलिपरवरून रिम फिरली पाहिजे, म्हणून तळाची मर्यादा कंपनीच्या पुस्तिकेत आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर बघावी. नटांचे वर्तुळ जुळावे लागते: मर्सिडीज, ऑडी आणि हल्लीच्या बीएमडब्ल्यूंना पाच नट ११२ मिलिमीटरच्या वर्तुळात, व्होल्वोला १०८, फॉर्च्युनरला सहा नट १३९.७ वर. नट जुळले म्हणजे झाले असे नाही. रिम हबच्या बाहेर किंवा आत किती बसते ते ऑफसेट आणि हबवर बसणाऱ्या मधल्या भोकाचा व्यास हेही जुळायला हवेत. नाहीतर शंभरच्या वेगाला स्टीअरिंग थरथरते आणि टायरवाला बिचारा पुन्हा पुन्हा बॅलन्सिंगची वजने चिकटवत बसतो. बाजारू रिमवर निदान जेडब्ल्यूएल हा जपानी चाचणीचा शिक्का असावा, तोही नसेल तर किंमत विचारू नये. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतल्या मूळ तपशिलांपासून दूर जाणाऱ्या बदलांना मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती मनाई अधोरेखित केली आहे. म्हणून कंपनीने त्याच मॉडेलला मंजूर केलेल्या आकारातच राहावे. विम्याचा दावा करायची वेळ आली की याचे महत्त्व कळते.

दुसरा आक्षेप फोर-व्हील ड्राइव्हचा. चारही चाकांना ताकद जाते, एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोल आहे, मग टायरची एवढी चिकित्सा कशाला? फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक तर स्कूटरपासून सगळ्याच गाड्यांना प्रत्येक चाकावर असतात. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण जी पकड मुळात नाही ती निर्माण करत नाही. उलट या गाड्यांचे वजन जास्त, त्यामुळे थांबवायची ऊर्जाही जास्त. फोर-व्हील ड्राइव्हने एक खर्च मात्र वाढवून ठेवला आहे: चार टायरांच्या घेरांत फरक पडला तर ट्रान्सफर केसवर ताण येतो, म्हणून एक नवा आणि तीन झिजलेले अशी जोडी चालत नाही. तिसरा आक्षेप जाडजूड नक्षीच्या ऑल-टेरेन टायरवाल्यांचा, आणि तो आताशा फॅशनमुळे वाढला आहे. मोठे ठोकळे चिखल फेकतात, बगल मजबूत असते, खड्ड्याला ते चांगले, हे मान्य. पण ओल्या डांबरावर कामाला येते ते रबराचे मिश्रण आणि रस्त्याला टेकलेले क्षेत्रफळ, आणि ठोकळ्यांमधली रुंद मोकळी जागा ते कमी करते. ज्याची गाडी आठवड्याला शेतावर किंवा भीमाशंकरच्या कच्च्या वाटेवर जाते त्याने घ्यावेत. फीनिक्स मॉलच्या तळघरात उभ्या राहणाऱ्या गाडीला ते नकोत.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार. मुंबईत वेगच कुठे आहे? ताशी वीसने रांगणाऱ्या गाडीचे चाक पाण्यावर तरंगणार कसे? शहरापुरते हे बरोबर आहे. शहरात खड्ड्याची भीती मोठी, पाण्याची लहान. पण दहा-वीस-पन्नास लाखांपुढची एसयूव्ही कुणी केवळ शहरासाठी घेत नाही. शनिवारी सकाळी ती वाशीमार्गे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागते, जिथे सपाटीवर ताशी १०० ची मुभा आहे आणि पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुके, उतार आणि ओले काँक्रीट एकाच वेळी भेटतात. किंवा भिवंडीजवळ आमणेहून समृद्धी महामार्गावर चढते. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे, मोटारींना वेगमर्यादा १२०, पृष्ठभाग बहुतेक काँक्रीटचा. तिथल्या सुरुवातीच्या अपघातांनंतर परिवहन विभागाने २०२३ मध्ये टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या प्रवेशद्वारावरूनच परत पाठवायला सुरुवात केली होती, ती उगाच नव्हे. तासन्‌तास एकाच वेगाने काँक्रीटवर धावताना टायर तापतो, हवा कमी असली तर बगल अधिक लचकून आणखी तापते. आठवडाभर खड्ड्यांत मार खाल्लेली बगल शनिवारी त्या वेगाला सामोरी जाते. शहराचा धोका आणि महामार्गाचा धोका असे वेगळे काढता येत नाहीत. ते एकाच टायरवर साठतात.

रन-फ्लॅट टायरविषयी थोडक्यात. त्याची बगल आतून जाड असते, हवा गेली तरी साधारण ८० किलोमीटर अंतर ८० च्या वेगाने जाता येते. पूर्व द्रुतगतीवर रात्री पावसात चाक बदलत बसण्यापेक्षा हे बरे, यात वाद नाही. पण ताठ बगल धक्का जिरवत नाही, तो रिमला आणि सस्पेन्शनला देते. ऑक्टोबर २०२० पासून नियमांनी हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनीशिवाय विकायची मुभा दिली. दुरुस्तीचा फेस खिळ्याच्या भोकाला पुरतो, फाटलेल्या बगलेला नाही, आणि आपल्याकडे पावसात फाटते ती बगलच. स्टेपनी मिळत असेल, बारीक का होईना, तर ती घ्यावी.

टायरची निवड उरली. त्यात चार गोष्टी बघाव्यात असे मला वाटते, पण त्या समान महत्त्वाच्या नाहीत. ओल्या रस्त्यावरची पकड आधी. २०२२ च्या अधिसूचनेने आपल्याकडे एआयएस-१४२ हे मानक लागू झाले. ओली पकड, घर्षणरोध आणि आवाज यांची किमान पातळी गाठल्याशिवाय टायर विकता येत नाही. किमान म्हणजे किमानच. त्यापुढचा फरक कळायला युरोपी लेबलवरची ओल्या पकडीची ए ते ई ही श्रेणी उपयोगी पडते. तोच टायर तोच आकार तिथे विकला जात असेल तर ती सहज शोधता येते. बगलेवरची अमेरिकी ट्रॅक्शन श्रेणी, एए ते सी, ही ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर मोजलेली असते. एए किंवा निदान ए असावी. तिच्याशेजारचा ट्रेडवेअरचा मोठा आकडा पाहून भुलू नये. ‘साठ हजार किलोमीटर जातो’ असा टायर मुंबईच्या गाडीवाल्याला तितकासा कामाचा नसतो, कारण वर्षाला आठ-दहा हजार चालणाऱ्या गाडीचे रबर नक्षीआधी वयाने संपते. म्हणून दुसरी गोष्ट तारीख: बगलेवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असते, ‘२३२५’ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. मोठ्या आकारांचा खप कमी, माल गोदामात पडून राहतो. त्यात जून २०२० मध्ये परदेश व्यापार महासंचालनालयाने नव्या टायरांची आयात ‘निर्बंधित’ यादीत टाकली, तेव्हापासून असामान्य आकार मिळवणे आणखी कटकटीचे झाले. १९ आणि २० इंची आकार देशी कारखान्यांतून मिळण्याची शक्यता जास्त, हेही लहान चाकाच्या बाजूचे एक कारण. तिसरी गोष्ट भारांक, तो कंपनीने सांगितल्याहून कमी कधीच नसावा. चौथी, बीएमडब्ल्यूची चांदणी, मर्सिडीजचे एमओ, ऑडीचे एओ ही खास खुणांची अक्षरे. मिळाली तर चांगले. न मिळाली तर त्यासाठी दोन वर्षे जुना माल घेण्यात अर्थ नाही.

खर्चाचा आक्षेप शेवटी येतोच. मोठ्या एसयूव्हीच्या एका टायरला वीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आणि पुढेही मोजावे लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याने थोडा आधार मिळाला. तीन मिलिमीटरला बदलायचे म्हणजे उरलेली दीड मिलिमीटर नक्षी फुकट घालवायची, असे वाटणे साहजिक आहे. पण मोटार विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत एकट्या टायरचे नुकसान भरून मिळत नाही. गाडीचेही नुकसान त्याच अपघातात झाले तरच टायरचा दावा चालतो, आणि तोही निम्म्या किमतीपुरता. टायरसाठी वेगळे जोड-कवच घेता येते, त्यातही किती खोलीपर्यंत भरपाई मिळेल याची अट वाचावी. मग युरोपासारखे दोन संच का नकोत? कारण घाटकोपरच्या सोसायटीत एका गाडीला एक जागा मिळते तीच नशिबाने. चार चाके ठेवायची कुठे? आणि गरजही नाही. आपल्याकडे कोरड्या आठ महिन्यांतही खड्डे, गतिरोधक नि लोखंडी प्लेटा असतातच, तेव्हा कंपनीने मंजूर केलेला सर्वांत लहान आकार बारमाही चालतो. डिलिव्हरीतच २१ इंची चाके आलेली असतील तर ती विकून १९ इंची मूळ संच घेण्याचा खर्च दोन फुगे आणि एका चिरलेल्या रिमपेक्षा फारसा जास्त पडत नाही.

नवी गाडी नोंदवणाऱ्याने हे काम फुकटात करावे: मोठ्या चाकांचे पॅकेज नाकारावे, आणि ते व्हेरिएंटला चिकटवलेले असेल तर विक्रेत्याशी बदलून देण्याबद्दल कागदावर बोलणी करावीत, बुकिंगची रक्कम देण्याआधी. गाडी आधीच दारात असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात गेज लावा, चारही बगला हाताने चाचपा, हवा सकाळी गाडी थंड असताना दाराच्या स्टिकरप्रमाणे भरा. नायट्रोजनला वेगळे पैसे द्यायचे कारण नाही, साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. आणि नवे टायर घेतलेत तर बिलावर प्रत्येकाचा अनुक्रमांक आणि उत्पादनाचा आठवडा लिहून घ्या. वॉरंटीचा दावा करायची वेळ आली की दुकानदार सर्वांत आधी तोच मागतो.